पाने पाटावर, पंप अडलेला

हॅलो?… हॅलो, कोण?… अहो, तुम्ही! मला वाटलं कंपनीतून फोन. वापी स्टेशनवरूनच बोलताय?… मोठे साहेब नाही आले अजून?… दीड तास लेट गाडी? देवच पावला!

नाही, नाही, काही नाही झालं. सहज म्हटलं.

अहो, सहजच!… बरं, सांगते, पण ओरडायचं नाही. तुमचा पंप अडलाय.

पंप हो! तुमच्या रविवारच्या पोरांचा. मॉडेल… काल संध्याकाळी मस्त फिरत होतं, मीच बघितलं, बादलीत पाणी पडत होतं. आता हँडल अर्ध्यावर जातं आणि कट्ट करून थांबतं.

मी काय केलं? मी काहीच नाही केलं! पूजा केली. खंडेनवमी आहे, करायची नाही का? तुम्हीच सांगून गेलात की… दहाला पोरं येतील, पाने-हातोड्या पाटावर मांड, मॉडेललाही हळदकुंकू वाहा…

हो, अक्षतापण वाहिल्या.

कुठे म्हणजे? चाकावर. पिस्टनवर. आता मला काय माहीत, तांदूळ आत जातो ते!… अहो ऐका ना… ऐकून तरी… हो, चुकलं माझं! साहेब आज बघून ठरवणार, कंपनीची शेड पोरांच्या वर्गाला ठेवायची की त्यात ड्रम भरायचे. माहितीये मला. महिनाभर दुसरं काही ऐकलंय का या घरात? उगाच माझ्या जिवाला घोर लावू नका.

काढले ना! ममताने काढले, केरसुणीच्या काडीने, एकेक दाणा. भावेशने फुंकर मारली तर कुंकू माझ्या डोळ्यात. तरी अडतोच आहे मेला.

उघडू? कशाने उघडू?… अहो, पाने पाटावर आहेत! पेचकससुद्धा. पोरं हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, सरांनी सांगितलंय, आज हत्यारांना सुट्टी. आता तुम्हीच ती सुट्टी मोडायला सांगताय?… नको बाई, मी नाही उचलणार… थांबा. सांडशी चालेल का? सांडशीची पूजा नाही केलेली… हसताय काय!

ए भावेश, ओट्यावरची सांडशी आण. आणि उलथनं… तुम्हाला नाही हो, भावेशला.

हं, बोला. मोठ्या चाकाचा नट. पलीकडचा… पलीकडचा म्हणजे कुणाच्या पलीकडचा? मी खिडकीजवळ उभी आहे, फोनची वायर पुरत नाही… डावीकडे फिरवायचा. माझ्या डावीकडे की पंपाच्या?… अहो, पंपाला डावं-उजवं कुठलं, मला काय विचारताय!

एक मिनिट. ममता म्हणते, नट सोडायचाच नाही. काय गं?… म्हणते, पिस्टन खाली आला की चाकाला घासतो. घासून चमक आलीये तिथे… काल नव्हता घासत म्हणते. अगं, पण चाक कालचंच, पिस्टन कालचाच… कुठली पट्टी?… अहो, ती म्हणते, चाक नि पिस्टन जोडणारी पट्टी तिची नाही.

तिची नाही म्हणजे काय, मलापण नाही कळत. म्हणते, माझ्या पट्टीवर कानशीचे ओरखडे होते, एक भोक जरा तिरकं होतं. ही गुळगुळीत आहे… चोरून कोण कशाला नवी पट्टी लावून जाईल हो? मला तर काही टोटलच लागत नाही…



काय?… मोठ्याने बोला, मागे भोंगा वाजतोय… तुम्ही? तुम्ही बदललीत? कधी?… पहाटे? मला वाटलं पूजेची तयारी करताय!

साहेबांना नीटनेटकं दिसावं म्हणून. हं. आणि फिरवून नाही बघितलीत?… बस सुटत होती. वा! आणि मघापासून माझ्या तांदळाला नावं ठेवताय!

नाही, मी नाही चिडले. चिडलेच आहे. तीन रविवार घासत होती पोर ती पट्टी. पार सुरंगी गावाहून येते, दोन वेळा आईला घेऊन आली दाखवायला. आता ती बघतेय माझ्याकडे. सगळी बघताहेत. काय सांगू मी यांना?… कुठेय तिची पट्टी?

भंगाराच्या डब्यात?… अहो!

ममता, बाळा… शेडमधला भंगाराचा डबा बघ बरं जरा. तुझी पट्टी आहे त्यात… हो, सरांनीच… पळाली.

सापडली वाटतं… तुमच्या पट्टीवर ठेवून मापताहेत. तुमची दोन सूत आखूड आहे म्हणतात. दोन सूत म्हणजे केवढं?… एवढुशानं अडतं?… बसवताहेत. अरे सावकाश, सांडशी वाकवाल माझी!… फिरलं. फिरलं हो! पाणी आलं, ऐकू आलं का पोरांचं?

ममता? ती नाही ओरडत. ती नुसती हँडल धरून उभी आहे.

मी नाही काही सांगणार. तुम्हीच सांगा… घरी आल्यावर नाही, आत्ता. ममता, इकडे ये. सरांचा फोन आहे. घे… अगं उलटा धरलास, हं, असा. बोल.

— हॅलो… सर? मी ममता… हा सर… हा, चालतो आता…

सर, माझी पट्टी खराब होती?…

मग मला सांगायचं ना. मी परत बनवली असती… नाही सर, रडत नाही… हा, साहेब आले की मीच फिरवीन… हा, माझीच लावली…

सर, एक विचारू?… झिपरूने केलेलं पंपाचं हँडलपण तुम्हीच बदललं?… नाही ना?… आणि मागच्या वर्षी माझ्या चिमट्याला बक्षीस मिळालं, तो… तो मीच बनवलेला होता ना सर?…

हॅलो?… सर?…

काकू, मागं गाडीचा आवाज येतोय. सर म्हणतात, फोन काकूंना दे.