तसा पुरावा नाही

माझ्या नोकरीपायी शेजारच्या सुमितचं जमत आलेलं लग्न मोडलं, ऐका! मी इथे बाग सेवनिया वस्तीत घरी बसून चिनी विद्यार्थ्यांचे इंग्रजी शोधनिबंध तपासते. ती पोरं जिथे तिथे ‘सिद्ध झालं’ लिहितात आणि मी दिवसभर त्याचं ‘असं दिसतं’, ‘शक्यता आहे’ करत बसते. परवा लिन नावाची मुलगी वैतागली. "मॅडम, ‘शक्यता’ लिहिली की सरांना वाटतं, हिने कामच केलं नाही."

मी म्हटलं, "अगं, फार छातीठोक बोललं की परीक्षकाला संशय येतो."

तेवढ्यात उज्जैनच्या वहिनींचा फोन. त्यांच्या मुलीसाठी सुमितचं स्थळ आलं होतं आणि बोलणी बरीच पुढे गेली होती. "मुलगा पितो का गं?"

मी म्हटलं, "आतापर्यंत तरी तसा पुरावा दिसलेला नाही."

दुसऱ्या दिवशी नकार! सुमितची आई रडकुंडीला येऊन दारात. "भाभी, माझा पोरगा सुपारीसुद्धा खात नाही हो!"

तिला सोफ्यावर बसवलं आणि लगेच फोन लावला. "वहिनी, सुमित पीत नाही म्हणजे नाही. शंभर टक्के!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "काल नुसता पुरावा नव्हता, आज एकदम शंभर टक्के? त्याची आई समोर बसलीय वाटतं."