बोटांचे आकडे

नाव, वय, पत्ता वर लिहून घेतला आहे, तो माझाच. धंदा विचाराल तर छापखान्यात मशीन चालवीत होतो, आता निवृत्त. घरी मी आणि पत्नी. पत्नी पूर्वी मुलांना पियानो शिकवीत असे.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, रॉक अँड रोल गाण्यांची जुनी छापील स्वरलिपी जमवण्याचा मला नाद आहे. मुखपृष्ठावर गिटार घेऊन वाकडी उभी असलेली पोरं आणि त्यावरची शाई मला आवडते. आतला एकही सूर मला वाचता येत नाही. गाढवाला गुळाची चव काय, असे पत्नी म्हणते. वाजवते ती. कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा, त्याचे आकडे ती पेन्सिलीने सुरांवर लिहून ठेवीत असे.

गेल्या वर्षापासून तिला विसर पडतो. कधी माझे नावही चुकते. पण आकडा दिसला की बोट बरोबर पडत असे. रोज संध्याकाळी ती वाजवीत असे, तेवढा वेळ घर पहिल्यासारखे होई.

काही प्रतींच्या घड्या फाटल्या होत्या. माझा मित्रही हाच नाद करतो. सतत भिंग घेऊन फिरतो म्हणून त्याला सगळे भिंगवाला म्हणतात. पाने चिकटवण्यासाठी सगळा गठ्ठा मी स्वतःच त्याच्याकडे दिला. त्याने तो परत आणला तेव्हा म्हणाला, "अरे, पेन्सिलीची सगळी घाण खोडरबरने काढली. मान मोडली माझी! बघ, कशा कोऱ्या करकरीत." जमवणाऱ्याला स्वच्छ प्रत म्हणजे जीव की प्राण. मला आनंद झाला, आणि मी त्याचे आभार मानले. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्या संध्याकाळी पत्नी पियानोपाशी बसली. पान उघडून बराच वेळ बघत राहिली. हात मांडीवरच होते. मग म्हणाली, "ही माझी नाहीत. माझी कोणीतरी चोरली."

मी तिला पूर्वीपासूनचा फाटका कोपरा दाखवला. ती म्हणाली, "चोर हुशार आहे. कोपरासुद्धा तसाच फाडलाय."

भिंगवाल्याला कळवले तेव्हा तो धावत आला. पाने दिव्याखाली तिरकी धरून उमटलेल्या खुणांवरून त्याने काही आकडे पुन्हा लिहिले. पत्नीने ते पाहिले आणि पान मिटून ठेवले. "अक्षर माझं नाही," एवढेच म्हणाली. भिंगवाला जिन्यात बसून रडला. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

मग तक्रार काय, असे साहेबांनी विचारले. ते मलाही नीट सांगता येत नाही. गठ्ठा जसाच्या तसा घरात आहे, एकही पान कमी नाही. तरी काहीतरी गेले आहे, आणि ते कोणी नेलेले नाही. पत्नी सकाळपासून एकच धोशा लावून बसली होती, "पोलिसांत चला." म्हणून आलो. आपला वेळ घेतला, माफी असावी.

जबाब वाचून दाखवताना पत्नी शेजारी बसून ऐकत होती. मध्येच तिने विचारले, "सापडतील ना हो?" लिहिणारे हवालदार म्हणाले, "सापडतील आई, शोध चालू आहे." पत्नीने तेही लिहायला लावले.

हवालदारांचे ते एक वाक्य सोडून वरचा सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे.