दुधाचा पेला

“बाई, या वयात देवाधर्माचं सोडून, घरचीच माणसं जिवावर उठतात अशी भयंकर पुस्तकं काऊन वाचता?” असं मला लोक विचारतात. मी शाळेत न जाता एकटीनं वाचायला शिकले. काय वाचायचं, ते मीच ठरवीन.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या अंगणात बाया तेंदूपानाचे पुडके बांधत होत्या आणि मी अशीच एक कादंबरी मोठ्यानं वाचत होते. त्यातला दीर विधवा भावजयीला गोड बोलून रोज दूध पाजतो आणि तिचं डोकं फिरलंय, असं गावभर सांगतो. हळूहळू तिलाही तसंच वाटू लागतं.

“दुधात काई टाकत असन मेला!” बाया हसल्या. शेजारची सुनंदा हसली नाही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला.

“माहा दीर दूध नाई पाजत, माय,” ती म्हणाली. “पुजाऱ्याकडे नेते. म्हणते, वहिनी, तुमच्या अंगात बाहेरचं हाय. मलेबी आता तसंच वाटून राह्यलं. उद्या शेताच्या कागदावर सही मागते.”

सगळ्यांचे हात थांबले.

“पुढं काय होते तिचं?” सुनंदानं विचारलं.

मी पुस्तक मिटलं. “पेला त्याच्याच तोंडावर फेकते. घर, शेत, काईच सोडत नाई.”

सुनंदानं सही केली नाही. यंदाही तिचा धान तिनंच कापला.

पुस्तकात ती बाई दूध पिऊन मरते. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.