तीन मिनिटांचं रीळ

शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. शाळेत मी रोज बोलते. पोरं म्हणतात, बाई थांबतच नाहीत. आज मात्र मधेच थांबेन. समजून घ्या.

आक्का, तुमचे धाकटे भाऊ, आमचे सुधाकरभाऊ, भोकरदनात लग्नं फिल्मवर काढायचे. फिल्मवर! सगळे व्हिडिओ क्यासेट काढत होते, तेव्हा. लोक हसायचे. भाऊ म्हणायचे, "क्यासेटवाला समदं घेतो, मंग बघतं कोण? माझ्याकडं तीन मिनिटांचं रीळ. डोळे उघडे ठेवावेच लागतेत."

माझंही लग्न त्यांनीच काढलं. आणि बिघडवलं. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावरच्या एका लग्नात वापरून झालेलं रीळ त्यांनी चुकून, उलट्या टोकानं, पुन्हा कॅमेऱ्यात घातलं. मुंबईहून धुऊन आलं, तर काय? अंतरपाट बाजूला होतोय आणि आमच्या तोंडांवरून उसाच्या बैलगाड्या चालल्यात. त्याही उलट्या. चाकं वर, आणि मागं मागं. आमचे हे पोट धरून हसले. मी नाही हसले. भाऊंना नको नको ते बोलले. रीळ त्यांच्या टेबलावर आपटून आले. पुढं वीस वर्षं त्यांच्या दुकानाकडं मान वळवली नाही.

मग हे गेले.

घरात फोटो होते. पण हलणारा, हसणारा माणूस कुठं होता? फक्त त्या रिळात. कुठल्या तोंडानं गेले, माझं मला ठाऊक. विचारलं, "भाऊ, ते रीळ असेल का हो?" त्यांनी फळीवरचा डबा काढला. डब्यावर माझं नाव. म्हणाले, "ताई, चूक माझी व्हती, रीळ तुमचं व्हतं. टाकीन कसं?"

भिंतीवर धोतर ताणलं. मशीन सुरू केलं. आणि स्वतः माझ्याकडं आणि भिंतीवरच्या ह्यांच्याकडं पाठ करून बसले. "तुम्ही तिकडं बघा. मी मशीनकडं बघून राह्यलो." मी रडले. चांगली तीन मिनिटं रडले. भाऊंनी वळून पाहिलं नाही.

मग दर वर्षी, लग्नाच्या तारखेला, मी जायचे. हे अक्षता झटकत हसायचे, वरून उलट्या गाड्या जायच्या. खरं सांगू? आता त्या गाड्यांशिवाय मला आमचं लग्न आठवतच नाही.

एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्ही एकदाही बघत नाही?" म्हणाले, "दोघांचं हाय ते, ताई. तिसऱ्यानं कशाला बघावं?" एवढ्या लोकांची लग्नं काढली, स्वतःचं राहूनच गेलं. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मुलगा म्हणतो, आई, पुण्यात ते रीळ मोबाईलवर करून देतात. देतील की. पण पाठ करून कोण बसेल? घरात मी रडले तर कुणी पाणी आणतं, कुणी म्हणतं, पुरे आता. भाऊंनी मला रडू दिलं. आता मी एकटी आहे, आक्का. अगदी एकटी.

सभेत दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. मी तीन मागते. भाऊंचं रीळ तेवढं होतं. सगळे उभे राहा, आणि कृपा करून भिंतीकडं तोंड करा. माझ्याकडं कुणी बघू नका.

आज मला भाऊंसाठी रडायचंय.