बर्फाला न घाबरणारा डेक

…आणि वर फोन करून मलाच विचारतो, "हलत तर नाही ना रे तुझा डेक?" हलेल कशाला! खाली चार फूट कातळ फोडून काँक्रीट ओतलंय, वर हत्ती नाचवा, हलणार नाही! पण हे विचारायला तोंड कुठून आणतात हो माणसं? तुम्हाला सांगतो, उभी हयात बातमीदारीत गेली. मंत्री खोटं बोलले, बिल्डर खोटं बोलले, एक आयुक्त तर इतके खोटं बोलायचे की त्यांनी वेळ सांगितली तरी मी घड्याळ बघायचो… पण गिरीश? माझा गिरीश? जमीन फुगते म्हणे!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याला ऊन लागलंय.

आम्ही दोह्यात राहतो, अल अझीझियाला. म्हणायला व्हिला, पण मालकाने त्याचे तीन तुकडे करून तीन कुटुंबांना दिलेत. मागचा तुकडा आमचा, म्हणून मागचं अंगण आमचं. अंगण म्हणजे काय, वाळू, वाळत घातलेले कपडे आणि एक मांजर. पण भिंतीपलीकडे, चपला घालून चालत जाता येईल इतकं जवळ, स्टेडियम! वर्ल्ड कप दारात येऊन उभा! आणि मला, इथल्या इंग्रजी पेपरातल्या सगळ्यात जुन्या बातमीदाराला, पास मिळाला का? नाही मिळाला! कोणाला मिळाला? धवलला! जो परवापर्यंत पुरवणीत बिर्याणी कुठे चांगली मिळते ते लिहीत होता! मला काय सांगितलं, "सर, तुमचा अनुभव डेस्कवर हवा." डेस्कवर! म्हणजे मी त्या धवलची स्पेलिंगं तपासायची!

तेव्हा गिरीश धावून आला. गिरीश रास लफानला गॅस प्लांटवर इंजिनिअर, राहायला अल सद्दला फ्लॅटमध्ये, आणि मी कतारला आल्यापासून दर शुक्रवारी सकाळी आमच्याकडे पोह्यांना. म्हणाला, "खड्ड्यात गेला तुझा पास! अंगणात लाकडी डेक बांधू, ओट्यासारखा. भिंतीवर पडदा, दोन खुर्च्या, चहाचा थर्मास. एकूण एक मॅच आपण दोघांनी इथे बघायची. पाया मी घालतो. वचन!" वचन हा शब्द त्याने वापरला हो, मी नाही! मला तर भरून आलं. पास काय चाटायचाय?

तर जानेवारीत, हवा बरी असताना, हा इलियासभाईंना घेऊन आला. इलियासभाई श्रीवर्धनचे, सुतारकामाची कंत्राटं घेतात. त्यांनी टाचेने अंगण दाबून बघितलं. "सायेब, वीतभर रेती, खाली सगला कातल. चार ठोकले ठेवू, वर लाकूड मारू, खलास!"

"नाही!" गिरीश ओरडला. "चार फूट खोल जायचं."

इलियासभाईंनी माझ्याकडे बघितलं. "सायेब, विहीर हाय का?"

आणि मग गिरीशने आम्हाला समजावलं, तेही असं, जणू आम्ही पोरं पहिलीतली. "जमीन गोठली की आतल्या पाण्याचा बर्फ होतो. बर्फ झाला की जमीन फुगते. फुगली की खांब वर उचलते, दर हिवाळ्यात थोडा थोडा. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यायचा, आणि बुडाशी पसरट करायचा, म्हणजे वरून कितीही ओढलं तरी तो उपटत नाही."

जमीन फुगते म्हणे! दोह्यात! अहो, जिथे उन्हाळ्यात थंड पाण्याने अंघोळ करायची तर गिझर बंद ठेवून गिझरमधलं पाणी घ्यावं लागतं, कारण गच्चीवरच्या टाकीतून नळाला चहाचं आधण येतं… तिथे ह्याची जमीन गोठणार! मी म्हटलं, "गिरीश, इथे बर्फ फक्त लिंबू सरबतात असतो." तर म्हणतो, "अरे, करायचं तर नीट करायचं." आता ह्यावर काय बोलाल? आपल्या मराठी माणसासमोर कोणी 'नीट करायचं' म्हटलं की आपली वाचाच बसते!

ब्रेकर आणला. धडधडधडधड… मधल्या तुकड्यातल्या हमिदाबाजी कपाटातल्या कपबश्या धरून बसायच्या. आणि कातळ फोडत कोण होतं? गिरीश! स्वतः! इलियासभाईंची माणसं सावलीत चहा पितायत, आणि रास लफानचा साहेब खड्ड्यात कमरेपर्यंत! मी म्हटलं, "अरे, माणसं आहेत ना?" "नको रे, मला हाताने करून बघू दे." मग त्या खड्ड्यांत पुठ्ठ्याच्या जाड नळ्या उभ्या केल्या, काँक्रीट ओतलं, माथ्याला उतार दिला. का? तर बर्फ वितळून पाणी साचायला नको! तुळया दुप्पट जाड घेतल्या. का? तर वर साचणाऱ्या बर्फाचं वजन! शशिकला, आमची ही, ताकाचा तांब्या घेऊन उभी. "अहो, भावजींना डोक्यावर ओला टॉवेल द्या."

आणि मी बातमीदार! मला दिसत नव्हतं का? सगळं दिसत होतं! हा माणूस पन्नाशी उलटल्यावर मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर कठडा धरून घसरायला शिकत होता, मी समजलो, गुडघ्यांचा व्यायाम. मे महिन्यात लोकरीचे हातमोजे घेतले, मी समजलो, सेल असेल. एखाद्या मंत्र्याने मे महिन्यात हातमोजे घेतले असते ना, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापलं असतं मी! पण मित्राची कोणी चौकशी करतं का?

मग आले गणपती. मंडळाचा कार्यक्रम, हॉल गच्च, मी पहिल्या रांगेत, हातात मोदक. आणि सेक्रेटरी विजय माइकवर काय म्हणतो? "आपले लाडके गिरीश आणि चैत्रालीवहिनी पुढच्या महिन्यात कायमचे कॅनडाला चाललेत, जोरदार टाळ्या!"

टाळ्या! अख्ख्या हॉलने वाजवल्या! बातमी मला माइकवरून कळली, लहान पोरांच्या बरोबरीने! मी शशिकलाकडे वळलो, तर ती शांतपणे मोदक खातेय. "चैत्रालीने मला मार्चमध्येच सांगितलं. तुम्ही बातमीदार ना, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल!"

गिरीशला जिन्यात गाठला. म्हटलं, "वचन?" तर मान खाली घालून म्हणतो, "सांगणारच होतो रे… पण तुला सांगितलं की सगळ्या दोह्याला कळतं, आणि अजून ऑफिसात राजीनामा दिला नव्हता." म्हटलं, "आणि माझा डेक?" तर हळूच म्हणतो, "तिकडे सगळं आपल्या हातांनी करावं लागतं रे. म्हटलं, आधी एकदा करून बघावं. माझ्याकडे फ्लॅट… अंगण तुझ्याकडे होतं."

रंगीत तालीम! कळलं का? माझं अंगण म्हणजे कॅनडाची रंगीत तालीम! जमीन फुगते म्हणे… अरे, तुझी फुगत असेल, माझी कशाला फोडलीस?

गेला. विमानतळावर मी गेलो नाही. म्हणजे गेलो, पण गाडीतून उतरलो नाही.

वर्ल्ड कप सुरू झाला. चार वाजताची मॅच, भिंतीवर पडदा, थर्मास, दोन खुर्च्या आणि मी एकटा. इतक्यात व्हिडिओ कॉल. कॅलगरीत पहाट, डोक्यावर माकडटोपी, नाक लाल. "मॅच लावलीस का रे?" बोलणार नव्हतो. पण फोन ठेवला दुसऱ्या खुर्चीत, कपाला टेकवून. आणि तुम्हाला सांगतो, इथे एक गंमत आहे. स्टेडियमची आरोळी भिंतीवरून आधी येते, पडद्यावरचं प्रक्षेपण काही सेकंद मागे, तिथे गोल मागाहून होतो. आरोळी आली, मी ओरडलो, "गोल!" हा म्हणतो, "कुठे? बॉल तर अजून मध्यावर आहे!" म्हटलं, "थांब!"… आणि झाला! ह्या खेपेला बातमी मी आधी दिली!

जरा बरं वाटलं. म्हणून विचारलं, "तुझा डेक झाला का बांधून?"

त्याने माकडटोपी काढली. परत घातली.

"अरे… इथे घरांच्या किमती बघितल्यास? फ्लॅट घेतला. अकरावा मजला. अंगण नाही." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "तुझा… हलत तर नाही ना रे?"

नाही हलत, बाबा. कशाने हलेल? आता इतका नीट पाया घालून दिलायस, तर वाट बघत बसतो. तुझी खुर्चीही ठेवलीय. पडेल कधीतरी बर्फ दोह्यात… इन्शाल्ला!