शेवट नको, ताई

"सांगतात छान, पण बाईंना वेळेत आवरायला येत नाही. मी कणीक मळून ठेवून आलेय घरी."

ऐकलं हं मी. खांबाला टेकून बसलेल्या ताई, तुम्हीच. शेजारणीच्या कानात बोललात, पण पेटी अजून लागली नव्हती ना, त्यामुळे तिच्या आधी माझ्या कानात आलं. रागावले नाही मी. कणीक मुरली तर पोळ्या मऊ होतील, आणि पाहुण्यांना सांगा की कीर्तनाचा प्रसाद आहे. पण ताई, तुमच्या या कुरकुरीतच माझं आजचं आख्यान बसलेलं आहे. वेळेत आवरणं. कुणाचं आवरत नाही, का आवरत नाही, आणि आवरू कोण देत नाही.

तर मंडळी, पूर्वरंगात आपण दयेचं बोललो. आता उत्तररंगात एक प्रश्न विचारते. समोरच्याला मुदत वाढवून दिली, तर ती दया झाली का?

घाईने माना हलवू नका. मागे कॉलेजची पोरं लगेच हो म्हणाली, त्यांच्या वह्या तपासून घ्यायच्या राहिल्या असतील. "आजच नको, सवडीने करा, तुमची काय घाई आहे" असं आपण म्हणतो ना, तेव्हा आपण कुणावर दया करतो? त्याच्यावर, की स्वतःवर? हा प्रश्न पदरात बांधून ठेवा आणि ऐका.

कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून हिंडतीफिरती आहेत. त्या गावाच्या वाचनालयात, मासिकांच्या खोलीत, शनिवारी दुपारी लिहिणारी माणसं जमायची. लिहिणारी म्हणजे हौशी हं. कुणी त्यांना छापत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? स्वतःचाच दिवाळी अंक काढला. हातानं लिहिलेला, एकच प्रत. ज्याने त्याने आपली कथा आपल्या अक्षरात लिहायची, नानांनी सगळी पानं दोऱ्याने शिवायची, आणि दिवाळीत तो अंक वाचनालयाच्या टेबलावर ठेवायचा. गाव येऊन वाचायचं. निदान लेखकांचे नातेवाईक तरी.

नाना म्हणजे निवृत्ती तारळेकर. कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारात जाऊन समन्स देण्यात जन्म गेला. तारखेचा माणूस. "कथा दसऱ्याला माझ्या हातात. दसरा म्हणजे दसरा," असं म्हणायचे, आणि समोरचा माणूस उगाच उठून उभा राहायचा.

दुसरे जिनेंद्र उपाध्ये. औषधांचं दुकान. दर शनिवारी यांना नवी कथा सुचायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती मरायची. "नाना, या वेळी कादंबरीच आहे," म्हणायचे. नाना म्हणायचे, "आधी एक पान आण. कादंबरी मी वाट बघून वाचीन."

तिसरी शमीम मुल्ला. शाळेत शिकवायची, कविता करायची. कविता इतकी खोडायची की शेवटी कागदावर खोडलेलंच उरायचं.

आणि चौथ्या विजयमाला बाबर. बाबरताई. साड्यांना फॉल लावायच्या, पिको करायच्या. मशीनवर बसल्या बसल्या कथा रचायच्या आणि लिहून वेळेच्या आधी द्यायच्या. हो, वेळेच्या आधी. अशी माणसं असतात मंडळी. आपल्याला आवडत नाहीत, पण असतात.

आता यांची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर आहे. शनिवारी जो तो आपल्या कथेचं बीज सांगायचा. कोण माणसं, काय अडचण, सगळं सांगायचं. फक्त शेवट सांगायचा नाही. शेवट एकदा तोंडातून गेला की ती कथा उष्टी झाली. मग ती अंकात नाही. शेवट कागदावरच यायचा. एकदा जिनेंद्रने भरात येऊन शेवट बोलून टाकला, तर नानांनी तोंडावर सांगितलं, "झालं. आता ही घरी बायकोला सांग."

त्या वर्षी श्रावणात बाबरताईंनी बीज सांगितलं. त्या सांगत होत्या कशा? अगदी साडीची घडी उलगडावी तशा.

"एक बाई आहे. तिच्या नवऱ्यानं सदरा शिवायला टाकलाय. सदरा शिवून व्हायच्या आत नवरा गेला. शिंप्यानं तरी तो शिवला. इस्त्री केली, घडी घातली, फळीवर ठेवला. बाई रोज त्याच रस्त्यानं भाजीला जाते. तिला सदरा दिसतो. शिंप्याला ती दिसते. तो मान खाली घालून मशीन मारतो, ती पदर सारखा करते नि पुढं जाते. बोलत कुणीच नाही. असं चाललंय. आणि एक दिवस बाई दुकानाची पायरी चढते."

ताई थांबल्या.

"आणि?" जिनेंद्रने विचारलं.

"आणि शेवट," ताई म्हणाल्या. "तो दसऱ्याला."

शमीमने डोळ्याला ओढणी लावली. नानांनी उगाच घसा साफ केला. कारण नानांना विधुर होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि त्यांच्या बायकोचाही कुठल्याशा शिंप्याकडे एक ब्लाऊज राहिला असेल, कुणी सांगावं.

तुम्हालाही वाटतंय ना, पायरी चढल्यावर ती काय बोलली? मलाही वाटतं. अजून वाटतं.

पण भाद्रपदात ताईंचा आवाज बसला. आधी सगळे म्हणाले, पावसाळी हवा. मग मिरजेला नेलं. घशात गाठ निघाली. मोठे डॉक्टर मुलाला बाहेर घेऊन गेले आणि बराच वेळ बोलले. मुलगा आत आला आणि आईशी काय बोलला माहितीय? म्हणाला, "इथलं कँटीन चांगलं आहे गं." ताईंना तेव्हाच कळलं. आईला कळतं हो. पोरगं कँटीनची स्तुती करायला लागलं की आईला सगळं कळतं.

औषधाची चिठ्ठी जिनेंद्रच्याच दुकानात यायची. पहिल्यांदा बरं करणारी औषधं होती. मग चिठ्ठी बदलली. आता त्यात नुसती दुखू नये म्हणून द्यायची औषधं होती. जिनेंद्रने ती काउंटरवर काढून ठेवली, पिशवीत भरली, सूनबाईच्या हातात दिली आणि म्हणाला, "ताईंना म्हणावं, माझी कादंबरी वाचायला लवकर बऱ्या व्हा." शनिवारी तो नेहमीपेक्षा जास्त विनोद करत होता. शमीमला त्यावरूनच उमगलं. आणि शमीम अवेळी गप्प झाली, त्यावरून नानांना.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक. आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी ताई आल्या. रिक्षातून, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. आवाज म्हणजे नुसती कुजबुज. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाना, लिहायला बसले होते. पेन हातात टिकत नाही. बोटं वळत नाहीत."

"असू द्या," नाना म्हणाले. "दसऱ्याचं काय एवढं? कोजागिरीपर्यंत मुदत वाढवली. सगळ्यांना."

जिनेंद्र केवढा खूश. "ताईंच्या पुण्याईनं माझंही भागलं."

बघा हं मंडळी, इथे जरा थांबा. मुदत ताईंसाठी वाढली, पण लाभ कुणाकुणाला झाला? दयेच्या ताटाखाली आपलंही वाटीभर झाकून घ्यायला आपल्याला बरं जमतं.

ताई शमीमकडे वळल्या. "शमीम, मी सांगते, तू लिहून घेशील? शेवटासकट."

शमीमच्या हातात पेन होतं. उघडलेलं पेन. ती म्हणाली, "ताई, तुमच्याच अक्षरात शोभेल ती. आधी बऱ्या व्हा."

"मग शेवट तरी ऐकून ठेवा. बाई पायरी चढते, आणि..."

"शेवट नको, ताई!" तिघं एकदम म्हणाले.

नानांनी हसून रीतीची आठवण करून दिली. "उष्टी होईल कथा. मग अंकात घेता येणार नाही मला."

ताईंनी पाण्याचा पेला बाजूला सारला. शेवट ऐकून घेणं म्हणजे ताई लिहिणार नाहीत हे मान्य करणं. आणि ताई लिहिणार नाहीत म्हणजे काय, ते या तिघांना तोंडातून काढायचं नव्हतं. रीत त्यांनी कथेसाठी केली होती. आता तिच्या आड लपून बसले होते.

कोजागिरी झाली. मुदत दिवाळीपर्यंत गेली. दिवाळीला वाचनालयाच्या टेबलावर अंक नाही. गावातले लोक विचारायला लागले, "काय नाना, तुमची दिवाळी यंदा कुठल्या महिन्यात?" नाना म्हणायचे, "काम चालू आहे." मुदत तुळशीच्या लग्नापर्यंत गेली. इकडे गंमत बघा, जिनेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा कथा पुरी केली. पण आणून दिली नाही. म्हणाला, राहिलीय अजून. कारण सगळ्यांच्या कथा आल्या आणि एकाच माणसाची उरली, तर त्या माणसाचं नाव घ्यावं लागलं असतं.

मी एक ओवी जुळवलीय यावर. माझीच आहे, मात्रा मोजत बसू नका.

*आज सरे, उद्या सरे, कुणी बोलेना खरे।*
*ओठावरले अक्षर ओठीच विरे॥*

पेटीवाले बुवा, एवढा सूर धरून ठेवा. आता कार्तिकातल्या एका दुपारी जायचंय.

ताईंचं वाचनालयात येणं बंद झालं होतं, म्हणून हे तिघं घरी गेले. समोरच्या खोलीत खाट. खाटेशेजारी पिकोचं मशीन, त्यावर कुणाची तरी अर्धी झालेली साडी तशीच. सुनेला ती हलवायचा धीर होत नव्हता. ताई उशीला टेकून बसलेल्या. केवढ्याशा झालेल्या.

नाना खुर्चीवर बसले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "ताई, चांगली बातमी आणलीय. मुदत संक्रांतीपर्यंत वाढवली. आरामात लिहा."

ताईंनी जवळ येण्याची खूण केली. तिघांनी कान जवळ नेले. ताई कुजबुजल्या, "नाना, दिवाळी अंकाबरोबर तिळगूळ वाटणार का?"

तिघं हसले. फार वेळ हसले. हसू ओसरलं की काय करायचं हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून हसत राहिले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी नुसती वाट पाहिली. मग नानांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला शेवट सापडलाय. चांगला आहे. तो माझ्याबरोबर..."

"ताई, शेवट नको," जिनेंद्र घाईने म्हणाला. "सस्पेन्स जाईल ना."

ताईंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. दुखण्याचं पाणी नव्हतं ते. औषध लागू पडत होतं, जिनेंद्रच्याच दुकानातलं. हे दुसरंच पाणी होतं. घरात एवढी माणसं, एवढी माया, कुणी फळं आणतंय, कुणी मुदत आणतंय. आणि जी एक गोष्ट द्यायची राहिलीय, ती घ्यायला कुणी हात पुढे करत नाही.

मंडळी, आता मला सांगा. तुमच्या घरी अशी खाट आहे का? नसेल तर उद्या असेल. खाटेवरचं माणूस म्हणतं, "कपाटातली पैठणी धाकटीला द्या हं." तुम्ही काय म्हणता? "काहीतरीच काय बोलता आई, तुम्हीच नेसाल की लग्नात." ते म्हणतं, "मला एक सांगायचंय." तुम्ही म्हणता, "आधी दोन घास खा, मग बोलू." मग ते माणूस दोन घास खातं, तुमच्या समाधानासाठी. आणि बोलायचं राहून जातं. तुम्ही म्हणता, आम्ही धीर दिला. खरंच दिला? की त्याच्याकडून स्वतःसाठी धीर घेतलात? मरणाऱ्याने आपल्याला सांभाळायचं, ही कुठली हो रीत? सुरुवातीला प्रश्न दिला होता, पदराची गाठ सोडा आता. मुदत वाढवणं ही दया असेलही. पण ज्याच्याजवळ मुदत नाही त्याला ती वाढवून देणं, म्हणजे त्याचं दार बाहेरून लावून घेणं आहे. तो आतून हाक मारतोय आणि आपण बाहेरून सांगतोय, आराम करा.

आज घरी जाल तेव्हा खाटेजवळ बसा. आणि "काहीतरीच काय" हे दोन शब्द आजच्या दिवस तरी तोंडात येऊ देऊ नका. एवढंच मागते. दक्षिणेत हेच द्या.

आता त्या खोलीत काय झालं ते सांगते आणि थांबते.

शमीम खिडकीबाहेर बघत होती. जिनेंद्र साडीच्या पदराची सुटलेली दोऱ्याची टोकं मोजल्यासारखी करत होता. नाना आपल्या मनगटावरच्या त्या हाताकडे बघत बसले. आयुष्यभर हा माणूस परक्या दारांत उभा राहून कटू बातमी देत आला होता. एकदाही जीभ अडखळली नव्हती. नोटीस दिली नाही तर माणसाला कोर्टात उभं राहून आपलं म्हणणं मांडताच येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

नानांनी खुर्ची पुढे ओढली. ताईंचा हात दोन्ही हातांत घेतला. शब्द स्वच्छ होते.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही आता आमच्यात राहणार नाही. संक्रांत तुम्हाला दिसणार नाही. आम्हाला तिघांनाही माहीत आहे. शेवट सांगा, मी ऐकतोय."