बेसिनची जागा

शिवरे गावातल्या घरी आमचं बेसिन बाहेर ओट्यावर का, असं विचारता ना? ऐका मग. आईचे गुडघे गेले म्हणून आबांनी न्हाणीत कमोड घेतला. गवंड्यानं शेजारी बेसिन टेकवून दाखवलं, "मावतंय की!" आबांनी त्यालाच कमोडवर बसवलं, काखेत हात घालून उचललं, तर आबांचं कोपर बेसिनवर आपटलं.

"बघ! हिला उठवताना म्या कुठं उबा ऱ्हाऊ? बेसिन भायेर!"

आई हसली, "आवं, गवंड्याला उचललं, मला कवा उचलणार?"

फरशीचं सिमेंट वाळायच्या आत आई गेली.

परवा मी म्हणालो, "आबा, बेसिन आत घेऊ या? न्हाणीत जागा मोकळी आहे."

"आरं, आख्खं घर मोकळं झालंय. तेवढंच भरून काय व्हतंय?"